जुना लॅपटॉप, दोन प्रणाली आणि खिशातला पेनड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेला नियमित आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अद्यतनांची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली, पण त्यापुढचा रस्ता विंडोज ११ कडेच जातो. त्या रस्त्यावर एक फाटक आहे: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून. त्यामुळे कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ आणि काम चोख असलेले कितीतरी लॅपटॉप केवळ या यादीत नाहीत म्हणून कालबाह्य ठरले.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या नोंदीत आलेला वाटा २२.३ टक्के. चालते यंत्र आणखी चार-पाच वर्षे वापरात ठेवणे ही केवळ पैशांची बचत नाही, हे या आकड्यांवरून कळते.

म्हणूनच जुना लॅपटॉप घ्यावा का, घेताना काय तपासावे आणि त्यावर विंडोज व लिनक्स दोन्ही चालवावेत का, हे प्रश्न एकत्र पाहण्याची गरज आहे. सहसा ते वेगवेगळे चर्चिले जातात. माझा अनुभव असा की त्यांचे उत्तर एकाच वस्तूपाशी येऊन मिळते: लिनक्स भरलेला आठ जीबीचा पेनड्राइव्ह. तोच दुकानात तपासणीचे साधन होतो आणि तोच घरी दुसरी प्रणाली बसवतो.

माल येतो कुठून

वापरलेल्या लॅपटॉपचे तीन ओघ आहेत. पहिला कार्यालयांचा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर शेकड्यांनी यंत्रे घेतात आणि मुदत संपली की एकगठ्ठा परत करतात. हा 'लॉटचा माल' मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारांत आणि तिथून जिल्ह्याच्या गावातल्या दुकानांत उतरतो. दुसरा ओघ घरगुती विक्रीचा, म्हणजे शिक्षण संपले किंवा नवा घेतला म्हणून विकलेल्या यंत्रांचा. तिसरा 'रिफर्बिश्ड' म्हणून वॉरंटीसह ऑनलाइन विकणाऱ्यांचा.

यातला पहिला ओघ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक ही यंत्रे कार्यालयांसाठी बनतात. त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका कंपन्या जाहीर करतात, सुटे भाग मिळतात, बिजागऱ्या दणकट असतात आणि लिनक्सशी त्यांचे सहसा जुळते. त्याच वयाचा, घरगुती वापरासाठी बनलेला चकचकीत लॅपटॉप दिसायला नवा वाटतो, पण बिजागरीपाशी प्लॅस्टिक तडकलेले असते आणि भाग शोधताना दमछाक होते.

दुकानात 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' हे शब्द सर्रास ऐकू येतात. ते बहुधा बाहेरच्या ओरखड्यांवरून लावलेले असतात. बॅटरी, डिस्क आणि मदरबोर्ड यांबद्दल ते काहीही सांगत नाहीत.

आठवी पिढी: दुहेरी सीमारेषा

इंटेलच्या प्रोसेसरचे वय त्याच्या नावातच असते. आय-५ ७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय-५ ८२५०यू म्हणजे आठवी. या दोन आकड्यांत एका वर्षाचेच अंतर दिसते, पण सातव्या पिढीच्या त्या चिपमध्ये दोन गाभे होते, आठवीत ते चार झाले. म्हणजे २०१७च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीपाशी विंडोज ११ चे फाटकही उघडते आणि कामाची ताकदही एकदम वाढते. सातवी पिढी स्वस्त मिळाली, तरी विंडोज लागणार असेल तर ती घेऊ नये. केवळ लिनक्स चालवायचे असेल तर ती अजूनही उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट पाहायची ती वाढवता येण्याची. थिंकपॅड टी-४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत. टी-४९० मध्ये काही रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली आणि एक खाच मोकळी. एक्स-१ कार्बनमध्ये सगळीच डाग दिलेली. दिसायला तिन्ही काळे थिंकपॅडच, पण आठ जीबीचा कार्बन आयुष्यभर आठ जीबीचाच राहणार. दोन प्रणाली ठेवणाऱ्याला आठ जीबी पुरते आणि सोळा जीबीने सुख लागते, म्हणून खाच रिकामी आहे का हे आधी विचारावे.

मॅकबुकचा हिशेब निराळा आहे. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज बसवता येत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिप आली आणि ती सोय संपली. एम-१ व एम-२ यंत्रांवर आसाही लिनक्स चालते, पण जुन्या यंत्रावर विंडोज-लिनक्सची जोडी हवी असलेल्याने मॅककडे वळू नये.

दुकानात एक तास

बाजारात बैल घेणारा शेतकरी दात बघून वय ठरवतो, खूर बघतो आणि शेवटी त्याला चालवून बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. लॅपटॉपची तपासणीही याच क्रमाने करावी.

आधी बंद यंत्र हातात घ्यावे. झाकण पन्नास वेळा उघडल्यासारखे सैल आहे की पाच हजार वेळा, हे बिजागरीच सांगते. तळाचे स्क्रू झिजलेले किंवा वेगवेगळ्या जातीचे असतील तर आत कोणीतरी हात घातला आहे. तसे असणे वाईटच असे नाही, पण काय बदलले ते विचारावे. यंत्र सपाट टेबलावर ठेवून ते डुलते का, टचपॅड वर उचलला गेला आहे का, हे पाहावे. डुलत असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता धरावी आणि असे यंत्र कोणत्याही भावाला घेऊ नये. फुगलेली लिथियम बॅटरी आग लावू शकते.

मग दात. बसवलेल्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' टाइप केले की बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. मूळ ५०,००० आणि आज ३२,००० असेल तर बॅटरी ६४ टक्के उरली. साध्या लिथियम बॅटरीची क्षमता तीनशे ते पाचशे चार्जिंग चक्रांनंतर ठळकपणे उतरू लागते, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा. मात्र नकली बदली बॅटरी खोटे आकडे दाखवू शकते. म्हणून चार्जर काढून वीस मिनिटे व्हिडिओ चालवावा आणि टक्केवारी किती उतरली ते स्वतः पाहावे. वीस मिनिटांत पंधरा टक्के गेले तर यंत्र दोन-सव्वादोन तासांचे आहे, अहवाल काहीही म्हणो.

डिस्कचे वयही मोजता येते. प्रत्येक डिस्क आपली प्रकृती 'स्मार्ट' नावाच्या नोंदवहीत स्वतःच लिहीत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन विंडोजमध्ये ती वही उघडते. कार्यालयात दिवसाला आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस चाललेले यंत्र वर्षाला दोन हजार तास भरते. चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये सात-आठ हजार तास दिसले तर ते प्रामाणिक वय आहे. सहा वर्षांच्या यंत्रात बारा तास दिसले तर डिस्क नवी घातली आहे किंवा नोंद पुसली आहे. बिल मागितले की दोन्हींतले खरे कोणते ते कळते. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांपुढे शून्य नसेल तर ती डिस्क भरवशाची नाही. एसएसडीमध्ये किती टक्के आयुष्य वापरले गेले तो आकडा पाहावा.

आता चालवून बघणे, आणि इथे पेनड्राइव्ह खिशातून बाहेर काढावा. घरूनच रूफस किंवा व्हेंटॉयने त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट भरून न्यावे. यंत्र सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबले की बूट मेनू येतो. तिथून पेनड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली रॅममधून चालू होते. दुकानदाराने सजवून ठेवलेल्या विंडोजपासून आपण मोकळे होतो, म्हणून या तपासणीला मोल आहे. इथे वायफाय लागला का, ब्लूटूथ, कॅमेरा, माइक, स्पीकर, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होणे, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे हे एकेक करून पाहावे. यंत्र नीट जागे झाले नाही तर पुढे लिनक्सवर रोज तोच त्रास होणार आहे.

त्याच बैठकीत कळफलकाची प्रत्येक कळ दाबावी, परदेशातून आलेल्या यंत्रावर मूळ मांडणी वेगळी असून वर चिकटपट्ट्या लावल्या आहेत का ते पाहावे. पडदा क्रमाने पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करावा. पांढऱ्यावर ढगासारखे डाग दिसतील तर पडद्यावर दाब पडलेला आहे. प्रत्येक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह आणि टाइप-सी खाचेत चार्जर लावून बघावा. २०१७ ते २०१९ मधल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या फर्मवेअर दोषामुळे टाइप-सी खाच निकामी होत असे आणि लेनोव्होने त्यावर अद्यतन काढले. म्हणून त्या काळातल्या यंत्रात ही तपासणी अजिबात टाळू नये. शेवटी दहा मिनिटे प्रोसेसरवर ताण टाकून पंख्याचा आवाज आणि तळाची उष्णता अजमावावी. यंत्र अचानक बंद पडले तर नुसती धूळ असेल किंवा दुरुस्त केलेला मदरबोर्डही असेल. दुकानातल्या एका तासात त्यांतला फरक कळत नाही. असे यंत्र सोडून द्यावे.

कुलुपे आणि कागद

हार्डवेअर ठणठणीत असूनही यंत्र आपले होईलच असे नाही. भाचीसाठी मी एक लॅपटॉप घेतला होता. दुकानात सगळे सुरळीत चालले. घरी विंडोज नव्याने टाकले, वायफाय जोडला आणि पडद्यावर एका परदेशी कंपनीचे नाव व कर्मचाऱ्याच्या पासवर्डची चौकट आली. यंत्र त्या कंपनीच्या नोंदणीतून कधी काढलेच नव्हते. दुकानदाराने पैसे परत दिले, पण दोन हेलपाटे झाले आणि शाळेचा आठवडा गेला.

यावर उपाय एकच. शक्य असेल तर विंडोज 'रीसेट' करायला लावावे आणि पहिल्या सेटअपमध्ये आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडून पुढे जावे. कंपनीचे कुलूप असेल तर ते तिथेच उघड होते. बायोसमध्ये शिरून पाहावे. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तो विक्रेत्याने समोर काढून द्यावा. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठतो, आतला छोटा सेल काढून तो जात नाही. बायोसमध्येच 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' सक्रिय दिसले तर यंत्र अजून कोणाच्या तरी देखरेखीखाली आहे. मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक निघाल्याची खात्री करावी.

तळावरचा अनुक्रमांक आणि बायोसमधला अनुक्रमांक जुळला पाहिजे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्राचे मूळ रूप आणि वॉरंटी कळते. हाच अनुक्रमांक लिहिलेले बिल घ्यावे. व्यक्तीकडून घेत असाल तर मूळ बिलाची प्रत आणि सहीची पावती घ्यावी. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. 'बिल हरवले, म्हणून स्वस्त' हे वाक्य ऐकले की उठावे.

दोन प्रणाली कशासाठी

लिनक्स १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने सुरू केले आणि २००४ च्या उबुंटूपासून ते सामान्य माणसाच्या टेबलावर येऊ लागले. आज ब्राउझर, कार्यालयीन लेखन, प्रोग्रॅमिंग आणि अभ्यास यांसाठी ते पुरेसे आहे. मराठीची बाजूही भक्कम आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्ही प्रणालींत सारखाच चालतो, लिबरऑफिसचे मेनू मराठीत करता येतात. लिनक्समधला लोहित हा देवनागरी फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवला आणि रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली खुला केला.

त्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी मात्र विंडोजवर चालते. दैनिके, छापखाने आणि दिवाळी अंकांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या फायली तिच्यात अडकलेल्या आहेत. दुकानाचा हिशेब टॅलीत, अभियांत्रिकीची चित्रे ऑटोकॅडमध्ये, काही ऑनलाइन परीक्षांची निरीक्षण साधने फक्त विंडोजवर. म्हणून मराठी घरात विंडोज सोडणे अनेकांना जमत नाही आणि सोडायची गरजही नाही. रोजचे काम लिनक्सवर आणि अडलेले काम विंडोजवर ही वाटणी जुन्या यंत्राला सोसते.

ती वाटणी करण्याचे मार्ग चार आहेत. पहिला, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवणे. हे हळू असते, पण ओळख करून घ्यायला उत्तम. दुसरा, विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशिन. यात दोन्ही प्रणाली एकाच वेळी रॅम वाटून घेतात, त्यामुळे सोळा जीबीच्या खाली त्रास होतो. तिसरा, विंडोजमधलीच डब्ल्यूएसएल ही लिनक्सची सोय. ती प्रोग्रॅमर मंडळींना पुरते, पण विंडोज ११ न घेणाऱ्या यंत्राचे आयुष्य ती वाढवत नाही. चौथा ड्युअल बूट, म्हणजे सुरू होताना एक प्रणाली निवडायची आणि संपूर्ण यंत्र तिला द्यायचे. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला हाच मार्ग मानवतो. एम.२ आणि सॅटा अशा दोन डिस्क बसणारे यंत्र मिळाले तर दोन प्रणाली दोन डिस्कांवर ठेवाव्यात. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते.

बसवताना नेमके कुठे अडते

क्रम ठरलेला आहे: आधी विंडोज, मग लिनक्स. विंडोजची स्थापना बूटच्या यादीत स्वतःला पहिले ठेवते. लिनक्सचा ग्रब हा प्रारंभक दोघांनाही यादीत घेतो. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणालीचा शोध मूळ स्थितीत बंद असतो. यादीत विंडोज दिसले नाही तर घाबरू नये, तो शोध चालू करावा.

बहुतेक फजिती चार ठिकाणी होते. पहिले ठिकाण बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवी स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरले की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. बायोसमध्ये काही बदलले की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, नाहीतर फोटो आणि प्रबंध दोन्ही जातात. दुसरे, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून आलेली ही सोय संगणक पूर्ण बंद करत नाही, अर्धवट निजवते. मग लिनक्सला ते पार्टिशन फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. ती बंद करावी. तिसरे, इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी पर्याय. तो चालू असला की लिनक्सला डिस्क दिसतच नाही. एएचसीआय पर्याय निवडण्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हावे अशी तजवीज करावी, एरवी विंडोज उठत नाही. चौथे घड्याळ. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे भारतात प्रणाली बदलली की घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हा घोळ मिटतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते. विंडोजला ११०, लिनक्सला ५० आणि उरलेली जागा दोघांच्या सामाईक फायलींना एनटीएफएस पार्टिशन म्हणून द्यावी. विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसावे आणि त्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही प्रत घेतल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

दोन प्रणालींचा संसार कायमचा निर्वेध असतो असेही नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अद्यतनानंतर अनेकांचे लिनक्स सिक्युअर बूटपाशी अडले. त्यावरची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. म्हणून यंत्र घरी आले की कंपनीचे शेवटचे बायोस अद्यतन आणि विंडोजची अद्यतने आधी घालावीत, दुसरी प्रणाली नंतर.

निवाडा

ज्याला एकच प्रणाली पुरते आणि अडचण आली की हाकेच्या अंतरावर कोणी नाही, त्याने ड्युअल बूटच्या वाटेला जाऊ नये. विंडोज ११ चालणारे यंत्र घ्यावे किंवा सरळ लिनक्सच ठेवावे. व्हिडिओ संपादन, मोठे खेळ किंवा दिवसभर बॅटरीवरचे काम असेल तर जुना लॅपटॉप पुरणार नाही. विद्यार्थी, शिक्षक, लेखक, हिशेबनीस आणि प्रोग्रॅमिंग शिकणारी मुले यांच्यासाठी मात्र आठव्या पिढीचा, रॅमची खाच असलेला, कार्यालयातून आलेला लॅपटॉप आणि त्यावर दोन प्रणाली ही आजची चांगली खरेदी आहे.

विकत घेण्याआधी यंत्रासोबत एक तास मागा आणि पेनड्राइव्ह लावू द्या म्हणा. जो विक्रेता तो लावू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.